सोजरामायची दुसरी नोंद

गोष्ट तशी सरळ आहे. उंद्रीच्या हिंमतरावांची समीक्षा माणसाच्या मेंदूत डोकावायला शिकत होती.

हं.

डोकं न उघडता. बाहेरून. त्यासाठी दोन यंत्रं होती. एक विजेचं. दवाखान्यात त्याला ईईजी म्हणतात. मेंदूतल्या पेशी आपसात बोलतात तेव्हा डोक्याच्या कातडीपर्यंत इवलीशी वीज पोचते, ती हे यंत्र टिपतं. शब्द कानावर पडला की पापणी लवायच्या आत त्याला पत्ता लागतो. पण ती वीज नेमकी कुठून आली हे त्याला धड सांगता येत नाही. दुसरं यंत्र उजेडाचं. डोळ्यांना न दिसणारा उजेड ते कपाळातून आणि कानशिलातून आत सोडतं, आणि परत येणाऱ्या उजेडावरून रक्त कुठे जास्त धावलं ते सांगतं. जागा बरी सांगतं, पण उशिरा. रक्ताला पोचायला काही सेकंद लागतातच.

मंग?

मग दोन्ही एकाच टोपीत बसवायची. एक यंत्र वेळेचं पक्कं, एक जागेचं. दोघांची साक्ष जुळवायची. धम्मरत्न सरांचं शिबिर होतं ते याच कामासाठी, चिखलीच्या एका कॉलेजात, फेब्रुवारीत. पीएचडी करणारी दहा मुलं, पाच जोड्या. प्रत्येक जोडीत एक जण विजेवाला आणि एक जण उजेडवाला. सरांची शिकवायची तऱ्हा अशी की पहिल्या आठवड्यात आपल्या यंत्राला हात लावायचा नाही, जोडीदाराचंच चालवायचं. विजेच्या समीक्षाने उजेडाच्या तारा लावल्या. उजेडाच्या अकीलने, वीज नीट पकडता यावी म्हणून पिचकारीने केसांत जेल सोडायला शिकून घेतलं, आणि पहिल्या दिवशी दुसऱ्या जोडीतल्या हर्षलच्या कानात सोडलं.

अकील मलकापूरचा. त्याच्या वडिलांचं स्टेशनाकडे टीव्ही दुरुस्तीचं दुकान. तो पुण्याच्या मुलांशी पुस्तकी बोलायचा आणि समीक्षाशी घरच्यासारखा. "यार समीक्षा, तुझी वीज म्हंजे आमच्या मोहल्ल्यातली शेजारीन," तो म्हणायचा. "सगळ्यात आधी खबर तिलेच. पन कोनाच्या घरातली, ते इचारू नको."

"अन् तुझा उजेड म्हंजे एसटी," समीक्षा म्हणायची. "येते बरोबर जागेवर. येईन तवा."

हाव.

आता अडचणीचं ऐका. शिबिराच्या शेवटी प्रत्येक जोडीने एक नोंद द्यायची होती. टोपी घातलेला माणूस एक गोष्ट ऐकणार, आणि ती ऐकताना दोन्ही यंत्रांनी जे टिपलं ते साफ करून, जुळवून दाखवायचं. सरांचा नियम एकच होता. दोन्ही यंत्रं एकमेकांना धरून बोलली पाहिजेत. ज्यांची नोंद या नियमाला उतरेल त्या जोड्या बंगळूरला दुसऱ्या टप्प्याला जाणार, एमआरआयच्या मोठ्या मशीनवर. त्या मशीनपाशी विद्यार्थ्याला एरवी कोणी फिरकू देत नाही. आणि समीक्षाच्या पीएचडीचं अर्धं काम त्या मशीनशिवाय होणारच नव्हतं. हुकलं तर विषय बदला, असं तिच्या गाईड मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं.

म्हणून तिने गाव मागून घेतलं. "उंद्रीची माणसं आम्ही घेतो सर. मी तिथलीच आहे. मला नाही म्हणणार नाहीत."

नाही कोणी म्हणालंच नाही. तो प्रश्नच नव्हता.

पहिली नोंद

ग्रामपंचायतीच्या सभागृहामागे एक खोली आहे, तिथे त्यांनी मांडामांड केली. खिडक्यांना काळं कापड ठोकलं, कारण बाहेरचा उजेड आतल्या उजेडात मिसळतो. पंखा बंद केला, कारण पंख्याची वीज डोक्याच्या विजेत मिसळते. खोलीची भट्टी झाली. आणि त्या भट्टीत सोजराबाई येऊन बसली.

सोजराबाई म्हणजे समीक्षाच्या गल्लीतली सोजरामाय. साठी ओलांडलेली, कान तिखट, जीभ त्याहून. तिला सांगितलं होतं, डोकं धुऊन या आणि तेल लावू नका. ती तशीच आली, पण वैतागून.

"पोरी, बिनतेलाच्या डोक्यानं आली मी गावातून. तिघीजनींनी इचारलं, घरी सगळं बरं हाये ना म्हनून. चौथी तं रडाच्याच बेतात होती."

टोपी चढली. तारा लागल्या. अकीलने तिच्या डोक्यावरून काळं फडकं घेतलं. समीक्षाने स्पीकर सुरू केला. गोष्ट सगळ्या जोड्यांना एकच दिली होती: एका बाईची म्हैस हरवते, दुसऱ्या गावात जाते, आणि परत येते तेव्हा तिच्यामागे कोणाचं तरी भलतंच वासरू चालत येतं. पुण्याच्या स्टुडिओत, बातम्या वाचतात तशा आवाजात वाचलेली.

"एका गावात सरस्वती नावाची एक बाई राहत होती," स्पीकर म्हणाला.

"हं," सोजरामाय म्हणाली.

"तिच्याकडे एक म्हैस होती."

"हाव."

"एके दिवशी दावं तुटलं."

"तुटनच. मंग?"

अकीलने समीक्षाकडे पाहिलं. समीक्षाने यंत्र थांबवलं. "सोजरामाय, बोलायचं नाही बरं. नुसतं ऐकायचं."

"मी कुठी बोलली वं?"

"हं म्हणालीस ना."

"ते का बोलनं असते? तो हुंकार हाये. गोष्ट सांगनाऱ्याले हुंकार नाई देला तं तो काय भिताडाशी बोलते?"

"तो माणूस इथे नाहीये माय. ते रेकॉर्डिंग आहे."

"मले मालूम हाये रेकॉर्डिंग हाये," सोजरामाय म्हणाली. "म्हनून काय वागनूक सोडाव?"

पुन्हा सुरू केलं. हुंकार पुन्हा सुरू झाला. तिला तो देताना कळतच नव्हतं. नऊ मिनिटं गोष्ट चालली आणि नऊ मिनिटं सोजरामायने स्पीकरला एकटं पडू दिलं नाही.

*विजेच्या बाजूने पाहिलं तर:* काही राहिलं नव्हतं. हं म्हणताना जबडा हलतो, आणि जबड्याच्या स्नायूंची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी मोठी. दर दोन वाक्यांनी पडद्यावर काळं झुडूप उगवत होतं. झुडपांच्या मध्ये कुठे मेंदू असेल तर असेल.

*उजेडाच्या बाजूने पाहिलं तर:* चांगलं होतं. कानशिलापाशी, गोष्टीबरोबर रक्त चढत होतं आणि उतरत होतं. म्हैस हरवली तिथे चढलं, वासरू दिसलं तिथे आणखी चढलं.

एका यंत्राची साक्ष होती, दुसऱ्याची नव्हती. नोंद बाद.

हं. मंग?

मग आणखी चार बायका बसवल्या त्यांनी. दोन बाप्ये. जानराव पाटलांनी तर हुंकाराबरोबर मांडीवर थापही मारली. एकाचीही वीज धड आली नाही. संध्याकाळी चिखलीत बातमी पसरली, आणि हर्षल जेवताना म्हणाला, "तुमच्या उंद्रीचे लोक एका जागी गप्प बसतच नाहीत का?" हर्षल मुळात वाईट मुलगा नव्हता. पण त्याची आणि अर्पिताची जोडी पिंपळगाव राजात काम करत होती, आणि तिथल्या माणिकरावांची नोंद सगळ्यांत स्वच्छ आली होती. "आमचे माणिकराव दगडासारखे बसले. तुम्ही नीट सूचना देत नाही. कडक सांगा की."

दुसरी नोंद

कडक सांगितलं. अकीलनेच सांगितलं, समीक्षाच्याने ते होईना. माय, एक शब्द नाही, हं सुद्धा नाही, मुंडी हालवायची नाही, दात हलके उघडे ठेवायचे, जीभ खाली, समोरच्या भिंतीवरच्या टिकलीकडे बघत राहायचं, नाहीतर या पोरीचं वरीस वाया जाईल. सोजरामायने समीक्षाकडे एकदा पाहिलं आणि पदर आवळून घेतला. गोष्ट सुरू झाली. बाई होती, म्हैस होती, दावं तुटलं. खोलीत स्पीकरशिवाय आवाज नव्हता. सोजरामायचे हात गुडघ्यांवर होते आणि बोटं गुडघ्यांत रुतली होती. दावं तुटलं तिथे तिचा गळा एकदा वर आला आणि खाली गेला. म्हैस नदीपार गेली. पडद्यावर विजेच्या रेघा एकीखाली एक, वहीत आखल्यासारख्या, एकही झुडूप नाही. उजेडाच्या रेघाही सुटल्या नाहीत, कुठे टोपी सरकली नाही. वासरू आलं. बाई म्हणाली हे कोणाचं. गोष्ट संपली. अकीलने मुठी आवळून हवेत उडवल्या, आवाज न करता.

जेल पुसताना समीक्षाने सहज विचारलं, "कशी वाटली गोष्ट?"

"कोनती?"

"आत्ता ऐकली ती."

सोजरामाय थोडी ओशाळली. "म्हैस होती नं तीत? त्या दिसचीच का?"

"ऐकली नाहीस?"

"तोंड धरू का आयकू? हुंकार इथलोक, गळ्यापर्यंत येत होता, मी गिळून टाकत होती. दुसरा येत होता, तो गिळत होती. नऊ मिंटं मी गिळतच बसली बाई. तुयं काम झालं ना?"

"झालं," समीक्षा म्हणाली.

मधला तुकडा

झालं होतं खरं. अकीलने आईला फोनही करून टाकला. दोन्ही सिग्नल स्वच्छ, उद्या चार वाजता चिखलीत सादर करायचं, बंगळूरची बॅग भरायची. आणि समीक्षा एसटीच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती, उघडत नव्हती.

"उद्या सकाळची वेळ आहे आपली खोलीत," ती म्हणाली. "आणखी एक नोंद घेऊ."

"कायले?"

"ती ऐकतच नव्हती अकील. आपण काय मोजलं? एक बाई नऊ मिनिटं हुंकार गिळत होती, ते मोजलं."

"ते तुले मालूम, मले मालूम. सरायचा नियम काय हाये? दोन्ही सिग्नल चांगले पायजेत. हायेत." तो वळून बसला. "उद्या सकाळी पुन्हा घेतली, तं साफ कवा करशीन? चार वाजता कच्ची दाखवशीन काय? अन् पुन्हा तिनं हं केलं तं?"

"ती नाही करणार. दुसरं कोणी करेल."

"म्हंजे?"

"हुंकार तिनेच द्यावा असं नाहीये. तो दिला गेला पाहिजे, एवढंच. खोलीत कोणी तरी देत असेल तर ती गप्प बसेल."

अकीलने खिडकीबाहेर पाहिलं. हरभऱ्याच्या वावरांत मळणीची धूळ उडत होती. "मी अब्बूले पन सांगतलं ना यार," तो म्हणाला. मग म्हणाला, "कोन देईन हुंकार?"

हं.

तिसरी नोंद

हुंकार देणार होती रुक्मिणीबाई, सोजरामायची थोरली जाऊ. दोघींचं फार सख्य नव्हतं. ही बातमी ऐकून सोजरामाय म्हणाली, "हिचा हुंकार? म्हैस रवंथ करते तसा हाये हिचा हुंकार." आणि रुक्मामाय म्हणाली, "बरं हाये, म्हशीचीच गोष्ट हाये ना." ती काळ्या पडद्याआड खुर्चीवर बसली आणि तिने घसा खाकरून घेतला.

तर सोजरामायला पुन्हा टोपी घातली, अकीलने तारा तपासल्या आणि

हं.

अजून सुरू नाही झालं रुक्मामाय, थांबा. आणि समीक्षाने स्पीकर लावला. एका गावात सरस्वती नावाची एक बाई राहत होती,

हं.

तिच्याकडे एक म्हैस होती,

हाव.

आणि यंत्राच्या पडद्यावर पहिल्यांदाच विजेच्या रेघा जिवंत आणि साफ दोन्ही होत्या. सोजरामायची बोटं गुडघ्यांवर सैल पडली होती. तिचं तोंड किंचित उघडं होतं, लहान मूल ऐकतं तसं. दावं तुटलं. म्हैस नदीपार

आस्सं.

गेली. रुक्मामायचा हुंकार कधी लवकर पडायचा, कधी उशिरा, एकदा तर दोन वाक्यं सुटलीच आणि सोजरामायच्या भुवया आक्रसल्या. ते यंत्रावर आलं. पण ती बोलली नाही. जवळजवळ शेवटपर्यंत बोलली नाही. वासरू आलं, बाई म्हणाली हे कोणाचं, आणि शेजारीण म्हणाली कोणाचं का असेना, दूध पिऊ दे त्याला

बरं केलं.

आणि तिथे सोजरामाय टोपीसकट मोठ्याने म्हणाली, "खोटं हाये! परक्या वासराले म्हैस उभी राहू देते काय?"

शेवटचं अर्धं मिनिट गेलं. बाकीचं हाती होतं.

या वेळी समीक्षाने विचारायच्या आतच तिने सगळी गोष्ट परत सांगितली. बाईचं नाव, नदी, शेजारीण, आणि पुण्याच्या माणसाने न सांगितलेल्या दोन गोष्टी वर.

चार वाजता

वर्गात पंखे सुरू होते. पाचही जोड्या समोर बसल्या होत्या. आधी हर्षल आणि अर्पिताने माणिकरावांची नोंद दाखवली. धम्मरत्न सर जाड काचांचा चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ गेले, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "सुरेख." सर सुरेख फार वेळा म्हणत नसत. मग उंद्रीची पाळी आली.

समीक्षाने तिन्ही नोंदी दाखवल्या, जशा होत्या तशा. हुंकाराचं सांगितलं. वर्गात हशा पिकला, वाईट नव्हता तो. तिसरी नोंद अर्धीकच्ची होती, तेही सांगितलं.

"तिसरी मोजता येणार नाही," सर म्हणाले. "खोलीत दुसऱ्या माणसाचा आवाज आहे. बाकी चार जोड्यांच्या खोलीत तो नाही. सोजराबाईंचा मेंदू गोष्ट ऐकतोय की जावेचा हुंकार ऐकतोय, हे वेगळं कसं काढाल?"

"आत्ता नाही काढता येणार सर."

"दुसरी मात्र दिसते बरी. दोन्ही सिग्नल स्वच्छ. ती देता?"

हर्षल मागून हळूच म्हणाला, "दे की गं. कशाला ताणतेस?"

समीक्षाला बंगळूर दिसत होतं. तिने ते पाहिलेलं नव्हतं, तरी दिसत होतं. "नाही सर," ती म्हणाली. "दुसरीत त्या गोष्ट ऐकत नव्हत्या."

"कशावरून?"

"त्यांनीच सांगितलं. मी नंतर विचारलं."

"पण नंतर विचारायचं असं आपल्या पद्धतीत नाहीये ना?" अर्पिताने विचारलं. तिचा प्रश्न खराच होता. "नाहीतर आम्हीही विचारलं असतं."

सर अकीलकडे वळले. "जोडी दोघांची असते. तू काय म्हणतोस? देऊ या दुसरी?"

अकील उठला. तो लॅपटॉपपाशी गेला, विजेच्या रेघा त्याने बंद केल्या, आणि दुसऱ्या नोंदीचा नुसता उजेड पडद्यावर आणला.

"हे कानशील," तो म्हणाला. "पहिल्या नोंदीत इथे गोष्टीबरोबर रक्त वरखाली होत होतं. तिसरीतही होतं. दुसरीत काहीच नाही, सपाट आहे. आणि हे कपाळामागे, उजवीकडे. सुरुवातीला चढलं ते शेवटपर्यंत उतरलंच नाही. पहिलीत आणि तिसरीत असं कुठेच नाही." त्याने घसा साफ केला. "मी हे काल संध्याकाळीच पाहिलं होतं."

"काऊन नाई सांगतलं मंग?" समीक्षाच्या तोंडून भर वर्गात निघून गेलं.

"सांगतलं असतं तं नोंद गेली असती," अकील तिच्याकडे बघून म्हणाला. मग सरांकडे वळून, "दुसरी देऊ नये सर."

सरांनी चष्मा खाली ओढला. "कपाळामागे रक्त चढलं म्हणजे बाई स्वतःला आवरत होती, असं यंत्र म्हणतं का?"

"नाही सर. यंत्र म्हणतं, तिथे रक्त चढलं. एवढंच."

"आवरत होती हे कोण म्हणतं?"

"सोजरामाय."

"हं," सर म्हणाले, आणि आपण काय म्हणालो ते त्यांच्याही लक्षात आलं, कारण समोरची दोन पोरं हसली. सर हसले नाहीत. "नियम मी काय सांगितला होता? दोन्ही यंत्रं एकमेकांना धरून बोलली पाहिजेत. तुम्ही सगळ्यांनी त्याचा अर्थ घेतला, दोन्ही स्वच्छ दिसली पाहिजेत. मीही आत्ता तसाच घेतला. या नोंदीत वीज म्हणते सगळं ठीक, उजेड म्हणतो इथे ऐकणं नाही, दुसरंच काही चाललंय. म्हणजे दुसरीही उतरत नाही. उंद्रीची जोडी या तुकडीत बंगळूरला जाणार नाही."

अकील खाली बसला. समीक्षा उभीच होती.

"पुढची तुकडी दिवाळीनंतर," सर म्हणाले. "त्या वेळी यायचं असेल तर एका बाईचं आणू नका. गावातल्या बऱ्याच जणींचं आणा. हुंकार देणारी खोलीत आहे, नाही, आणि आहे पण तिला गोष्ट माहीत नाही, अशा तिन्ही तऱ्हांनी. तुझ्या गाईडशी मी बोलेन. वेळ देतील की नाही ते त्यांच्या हाती." मग ते बाकीच्या चार जोड्यांकडे वळले. "आता तुम्ही सांगा. तुमच्या माणसाला गोष्ट परत सांगता आली का?"

अर्पिताने हर्षलकडे पाहिलं.

"उद्या सकाळी सगळे आपापल्या गावात जा आणि विचारून या. त्यानंतर मी नावं सांगतो."

मंग?

मग कॉलेजसमोरच्या टपरीवर दोघांनी चहा घेतला. अकील बशीत ओतून प्यायला, जे तो पुण्याच्या मुलांसमोर करत नसे.

"रागावली काय?"

"रागावली तं. पाह्यलं तवाच सांगाव की नाई?"

"तवा सांगतलं असतं तं तू तिसरी घेतली असती, ते तं तू तशीबी घेतली." त्याने बशी खाली ठेवली. "घरी काय सांगू? बॅग भरून ठेवली अम्मीनं."

"दिवाळीनंतर म्हन."

"कोनती दिवाळी, असं इचारीन अब्बू."

समीक्षाला हसू आलं. रडूही आलं असतं, पण टपरीवाला ओळखीचा होता. मॅडमना फोन करायचा होता. त्यांनी विषय बदला म्हटलं तर पुढे काय, हे तिला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षलचा मेसेज आला. त्याने माणिकरावांना विचारलं होतं. माणिकराव म्हणाले होते, गोष्ट कसली, मी तं मळणीयंत्राची पाळी आपल्यावर कवा येते त्याचा विचार करून राह्यलो होतो, तुम्ही टिकलीकडे पाहा म्हटलं, मी पाहत होतो. खाली हर्षलने एवढंच लिहिलं होतं: तीन जोड्या गेल्या, आम्ही नाही.

उंद्री

मॅडमनी विषय बदला म्हटलं नाही. दिवाळीपर्यंत थांबते, पण त्यापुढे एक दिवस नाही, असं म्हटलं. ते ऐकून समीक्षा उंद्रीला गेली. सोजरामाय आणि रुक्मामाय ओट्यावर समोरासमोर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या, बोलत नव्हत्या.

"पास झाली काय वं?" सोजरामायने विचारलं.

"नाही."

"काऊन? मी एवढी गप बसली तरी?"

समीक्षा खाली बसली आणि एक मूठ घाटे पुढे ओढून घेतले. तिने सांगितलं. गप्प बसलीस ती नोंद चालली नाही, कारण त्या वेळी तू ऐकत नव्हतीस. ऐकलंस ती चालली नाही, कारण त्या वेळी खोलीत रुक्मामाय होती.

"म्हंजे हिच्यापायी गेलं," सोजरामाय म्हणाली.

"माह्यापायी? शेवटी टोपीत कोन वरडलं? खोटं हाये, खोटं हाये!"

"खोटंच होतं ते!"

"आता पुन्हा घ्यायच्या आहेत," समीक्षा मध्येच म्हणाली. "लय साऱ्या. तुमच्या दोघींच्याबी. अन् गल्लीतल्या ज्या येतीन त्या सगळ्या. कधी हुंकार राहील, कधी नाही राहणार. जिवावर येईल अशी नोंद असली तर आधी सांगीन, अन् नाही म्हणायचं असलं तर सरळ नाही म्हणायचं."

रुक्मामायने सूप बाजूला सरकवलं.

"या बारीले टोपी मी घालीन," ती म्हणाली. "अन् हुंकार हे सोजरा देईन."

"मी? हिच्यासाठी?"

"काऊन, येत नाई तुले?"

सोजरामायने जावेकडे असं पाहिलं की समीक्षाला वाटलं, आता दिवाळीसुद्धा पुरणार नाही. पण ती उठली, आत गेली आणि कंगवा घेऊन आली.

"एवढ्या अंबाड्यावर टोपी बसन काय हिच्या?" ती समीक्षाला म्हणाली. "सोडाले सांग तिले. सोडून डोकं मोजून घे आत्ताच, म्हंजे मंग मागून बोंब नाई."

रुक्मामायने दोन्ही हात मागे नेले आणि अंबाड्याचा एकेक आकडा काढून समीक्षाच्या ओंजळीत टाकायला सुरुवात केली.